लेखक-दिग्दर्शक आणि अडीच पानांचं स्वगत

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका वाचकाने लिहिलंय की जो स्वतः पटकथा लिहितो तोच खरा दिग्दर्शक, बाकीचे नुसते ॲक्शन-कट ओरडणारे. मला काय हे पटलं नाही बुवा. मी सिनेमातला माणूस नाही, पण फोंड्याकडच्या आमच्या गावात जत्रेच्या नाटकाला बारा वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, विंगेत वही आणि बॅटरी घेऊन बसतो तो मी, त्यामुळे लिहिणारा आणि बसवणारा एकच असला की काय होतं ते जवळून बघितलंय.

एका वर्षी आमच्या डायरेक्टरनेच नाटक लिहिलं. दुसऱ्या अंकात बापाचं स्वगत, वहीची अडीच पानं! लांबलंय हे तालमीत सगळ्यांना कळत होतं, बापाचं काम करणारा दर वेळी दुसऱ्या पानावर अडकायचा आणि माझ्याकडे बघायचा, पण बोलणार कोण? मी एकदा भीत भीत म्हटलं, भाऊ, थोडं कापूया का, तर म्हणाले "अरे तोच तर नाटकाचा जीव." जत्रेच्या रात्री तो जीव सुरू झाला तेव्हा दीड वाजला होता आणि मांडवातली अर्धी माणसं उठून खाजं घ्यायला गेली. दुसऱ्या कुणाचं नाटक असतं तर ह्याच भाऊंनी पहिल्या तालमीतच लाल पेनाने ती पानं उडवली असती. आधी उडवलेली आहेत, मी साक्षीदार.

आता सिनेमाचं बघा. 'अर्धसत्य' 1983चा. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे आणि दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, जे मूळचे कॅमेरामन. एवढ्या जणांचे हात लागले म्हणून सिनेमा निहलानींचा राहिला नाही का? आपल्या गोव्याचंच घ्या, 2009 साली टोरांटोच्या महोत्सवात बक्षीस मिळवलेला कोकणी सिनेमा 'पलतडचो मुनिस' लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा, पण कथा महाबळेश्वर सैलांची.

स्वतः लिहूच नये असं माझं म्हणणं नाही हां. नागराज मंजुळे स्वतः लिहितात आणि 'फँड्री'सारखं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर ते तसं उतरलंच नसतं, आणि चैतन्य ताम्हाणेंना तर 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचंच बक्षीस मिळालं. तियात्राचे, म्हणजे आमच्या गोव्यातल्या कोकणी नाटकांचे, लेखक-दिग्दर्शक तर बहुतेक एकच, पण तिथे पब्लिक समोर असतं, आज जांभई दिली तर उद्याच्या शोला तो तुकडा बाहेर काढता येतो. सिनेमा एकदा रिलीज झाला की झाला.

खरी गंमत पोस्टरवर असते. कथा-पटकथा-संवाद-दिग्दर्शन, चारही जागी एकच नाव. कधी ती हौस असते पण कित्येकदा लेखकाला पैसे द्यायचे नसतात म्हणून, हे सरळ बोलायला काय हरकत आहे? इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पणजीत शो संपल्यावर दिग्दर्शक स्टेजवर येतो, आपण टाळ्या वाजवतो, पटकथा दुसऱ्याची असली तर तो लेखक बऱ्याचदा तिथे नसतोच, आणि कुणी विचारतही नाही.

यंदाच्या जत्रेचं नाटक भाऊ परत स्वतःच लिहितायत. वही अजून माझ्याकडे आलेली नाही, बॅटरीत मात्र नवे सेल घालून ठेवलेत.

– एक प्रॉम्प्टर, फोंडा