घरकाम करणाऱ्या ताईंच्या नोंदणीसाठी आपली एक सही हवी आहे

सप्रेम नमस्कार,

आपल्या प्रभागातल्या सोसायट्यांत, बंगल्यांत आणि चाळींत कितीतरी महिला धुणीभांडी करतात, केरफरशी करतात, स्वयंपाक करतात, लहान मुले आणि आजारी माणसे सांभाळतात. या महिलांची घरेलू कामगार म्हणून सरकारदरबारी नोंदणी करून देण्याचे काम आपली नागरिक समिती करत आहे. त्यासाठी आपली सही, थोडा वेळ आणि जमेल तेवढी वर्गणी हवी आहे. सही मुद्दाम पहिली मागितली. पैसे कमी पडले तर चार ठिकाणांहून उभे करता येतात, पण ज्या घरी बाई काम करते त्या घरातल्या माणसाची सही दुसरे कोणी देऊ शकत नाही.

राज्यात यासाठी कायदा आहे. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, 2008 असे त्याचे नाव. पैशाच्या किंवा वस्तूच्या रूपात मोबदला घेऊन दुसऱ्याच्या घरी काम करणारी 18 ते 60 वयोगटातली कोणतीही व्यक्ती त्याखाली नोंदणी करू शकते. अपघातात तातडीची मदत, मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य, आजारपणाचा खर्च, दोन अपत्यांपर्यंत प्रसूतीसाठी मदत आणि मृत्यू झाल्यास वारसाला अंत्यविधीचा खर्च, अशा गोष्टी या कायद्यात लिहिलेल्या आहेत. 55 वर्षे पूर्ण केलेल्या नोंदीत महिलांना राज्याने सन्मानधन म्हणून 10,000 रुपये दिले आहेत. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत निर्बंध लागले आणि बहुतेकींची कामे सुटली, तेव्हा नोंदीत घरेलू कामगारांसाठी 1,500 रुपये जाहीर झाले होते. रक्कम मोठी नव्हती, पण त्या महिन्यात घरात पीठ आणि गॅस आणण्यापुरती नक्की होती. ज्यांची नोंद नव्हती किंवा नोंद करून नूतनीकरण राहिले होते, त्यांना मात्र ही मदत मिळाली नाही.

या कायद्यात काय नाही हेही सांगायला हवे, कारण खोटी आशा दाखवून आम्हाला कोणाला शिबिरात बोलवायचे नाही. पगार किती असावा, आठवड्याची सुट्टी द्यावी की नाही, खाडा झाला तर पैसे कापावेत का, कामावरून काढताना किती दिवस आधी सांगावे, यातले काहीही त्यात नाही. तो कल्याण मंडळाचा कायदा आहे. मंडळाचे काम मध्यंतरी बरीच वर्षे थंडावलेलेही होते. याच राज्याने 1969 साली हमालांसाठी माथाडी कायदा केला. व्यापाऱ्याने हमालीचे पैसे आणि त्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा, अशी त्यातली व्यवस्था आहे. 1981 साली खासगी सुरक्षारक्षकांसाठीही कायदा करून मंडळाची व्यवस्था आणली. म्हणजे सोसायटीच्या फाटकावरचा माणूस मंडळाकडून आलेला असेल तर त्याच्या पगारामागे काही यंत्रणा उभी असते. त्याच फाटकातून आत येऊन सहा घरची भांडी घासणाऱ्या बाईमागे तशी कोणतीही यंत्रणा नाही. आमच्या मते हा उघड अन्याय आहे आणि पुरेसा कायदा होईपर्यंत त्याबद्दल बोलत राहायला हवे. पण आज जे थोडे कायद्याने दिले आहे, ते तरी तिच्या पदरात पडावे, एवढ्यासाठी ही धडपड.

आणि ते थोडेही फुकट मिळालेले नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवले होते. पगारवाढ आणि हक्काची रजा या साध्या मागण्या होत्या. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज आपण महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार बोनस देतो तेव्हा ती आपल्याला रीत वाटते. ती रीत या बायकांनी भांडून पाडली आहे. त्या संपानंतर राज्याचा कायदा यायला 28 वर्षे लागली. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी कायदेशीर चौकट करता येईल का, हे पाहण्याकरिता समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. कायदा होईल तेव्हा होईल, पण इथल्या कितीतरी बायका आज पन्नाशीच्या पुढे आहेत आणि नोंदणीचे दार साठीला बंद होते. घाई आहे ती त्यामुळे.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. नोंदणीसाठी वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि मालकाचे, म्हणजे ज्यांच्या घरी ती काम करते त्यांचे, प्रमाणपत्र लागते. ऐकायला हे सोपे वाटते. मागच्या शिबिरात एक बाई प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या होत्या. आधारवर सासरचे नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे, बँकेच्या पासबुकात आडनावाची वेलांटी वेगळी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा, मुलगा कामावर, त्यामुळे ओटीपी सांगायला कोणी नाही. मग बोटांचे ठसे घेऊन पाहिले. वीस-बावीस वर्षे भांड्यांची पावडर, सोडा आणि फरशीचे फिनेल यांत गेलेली बोटे. यंत्रावर एकेक बोट ठेवून, ओढणीला पुसून, पुन्हा ठेवून झाले. ठसा उमटेना. पिशवीच्या तळाशी मंडळाचे जुने ओळखपत्रही होते. नूतनीकरण करायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. कार्ड मिळाले म्हणजे काम झाले, असे त्या धरून चालल्या होत्या.

या सगळ्या अडचणी सुटतात. नाव दुरुस्त होते, नंबर बदलता येतो, ठशाऐवजी डोळ्यांची खूण चालते. फक्त कोणीतरी बरोबर जायला लागते आणि दोन-तीन चकरा माराव्या लागतात. सरकारी शुल्क नाममात्र आहे. खरा खर्च बुडालेल्या कामाचा. कार्यालय उघडे असते तेव्हा ती कोणाच्या तरी ओट्यापाशी उभी असते. दुपारची दोन-तीन तासांची उसंत ती काय तिची. म्हणून आमचे शिबिर महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी दुपारी दोन ते पाच या वेळात वाचनालयाच्या सभागृहात असते.

न सुटणारी अडचण एकच, ती म्हणजे मालकाचे प्रमाणपत्र. सही द्यायला लोक कचरतात आणि त्यांच्या मनात वाईट काही नसते, याची आम्हाला खात्री आहे. भीती असते. उद्या ही बाई पीएफ मागेल, ग्रॅच्युइटी मागेल, कोर्टात जाईल, मग हा कागद आपल्यावर उलटेल, असे वाटते. तर स्पष्ट सांगतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, ग्रॅच्युइटीचा 10 किंवा अधिक. आपले राहते घर त्यात येत नाही. या प्रमाणपत्रात लिहायचे ते एवढेच, की अमुक बाई आमच्याकडे अमुक काळापासून अमुक काम करतात. मजकूर आम्ही तयार देतो. आपण वाचावा, खाडाखोड करायची तर करावी, पटला तर सही करावी. एक बाई पाच घरी काम करत असेल तर पाचही घरांनी “दुसरे कोणीतरी देईल” म्हणायचे आणि शेवटी कोणीच द्यायची नाही, असे सारखे घडते. तेवढे टाळा.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना खास विनंती. फाटकावरच्या ॲपमध्ये कोण, कोणत्या फ्लॅटमध्ये, कधीपासून कामाला येते याची तारीखवार नोंद आपल्याकडे आहेच. फोटो आहे, आधारची प्रतही बहुतेक ठिकाणी घेतलेली आहे. सुरक्षेसाठी ती माहिती आपण मागितली आणि त्यांनी मुकाट्याने दिली. त्यांच्या हक्कासाठी त्यातले एक पान छापून, शिक्का मारून त्यांच्या हाती द्या. वर्षानुवर्षांच्या कामाचा याहून चांगला पुरावा त्यांच्याकडे दुसरा नसतो. पगार रोख देत असाल तर छोट्या वहीत तारीख आणि रक्कम लिहून दोघांनी सही करण्याची सवय लावा, किंवा बँकेत भरा. उचल दिली तर तीही त्याच वहीत लिहा. हिशोबावरून होणाऱ्या कुरबुरी निम्म्याने कमी होतील.

माणसेही हवी आहेत. बँकेतून, तहसीलमधून, शाळेतून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांना अर्ज भरण्याची आणि कार्यालयात चिकाटीने उभे राहण्याची सवय असते. ती आम्हा तरुण मंडळींकडे कमी पडते, हे पदोपदी जाणवते. कॉलेजच्या मुलामुलींनी लॅपटॉप आणि मोबाइलचे नेट घेऊन शनिवारची एक दुपार द्यावी. वकील मंडळींपैकी कोणी महिन्यातून एकदा बसले तर फार मोठे काम होईल, कारण बायका नोंदणीला येतात आणि हळूच दुसरेच विचारतात. पगार थकवला, चोरीचा आळ घेतला, घरातल्या पुरुषाने हात धरला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकाम करणारी महिलाही येते, राहते घर हेही कामाचे ठिकाण धरले जाते आणि तक्रारीसाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे त्यांना माहीत नसते आणि खरे सांगायचे तर आपल्यातल्या बहुतेकांनाही नसते. अशा गोष्टी सभागृहाच्या गर्दीत बोलता येत नाहीत. म्हणून बाजूची छोटी खोली आम्ही मोकळी ठेवली आहे. तिथे बसायला जाणती, पोटात गोष्ट ठेवणारी स्त्री कार्यकर्ती हवी.

वर्गणीचे पैसे कुठे जातात तेही सांगतो. झेरॉक्स, फोटो, आधार दुरुस्तीचे शुल्क, कामगार कार्यालयापर्यंतचे बस किंवा रिक्षाचे भाडे आणि सभागृहातला चहा. थोडी रक्कम नूतनीकरणासाठी वेगळी ठेवतो. एका वहीत प्रत्येकीची नोंदणीची तारीख लिहिलेली आहे. मुदत संपायच्या महिनाभर आधी तिला फोन जातो. नोंदणी करून देणारे पुष्कळ भेटतात, दुसऱ्या वर्षी आठवण करणारे कोणी नसते. ती वही आमच्या दृष्टीने या कामातली सर्वांत मोलाची वस्तू आहे. शिबिरात आम्ही असंघटित कामगारांच्या केंद्रीय नोंदणीचे ई-श्रम कार्डही काढून देतो, जे 16 ते 59 वयोगटासाठी आहे. बँक खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्जही भरतो. वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूला 2 लाखांचे संरक्षण मिळते. चौथ्या मजल्यावर खिडकीच्या कठड्यावर पाय ठेवून काचा पुसणारी बाई आपण पाहिली असेल. तिचा हा हप्ता आपण भरा आणि मुळात तिला तिथे चढू देऊ नका.

दोनशे रुपयांपासून कितीही वर्गणी चालेल. वस्तू द्यायची असेल तर चालू स्थितीतला प्रिंटर आम्हाला फार दिवसांपासून हवा आहे. पैसे वाचनालयात शनिवारी दुपारी आणून द्यावेत किंवा समितीच्या नावे धनादेश द्यावा. छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, मग तो समितीचा कार्यकर्ता का असेना. जमाखर्चाचा कागद दर तीन महिन्यांनी वाचनालयाच्या फलकावर लावला जातो. तो वाचावा, शंका असेल तर विचारावी.

आणि एक मागणी, जिला पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या ताई शिबिराला यायच्या असतील त्या शनिवारी त्यांचा खाडा धरू नका. संध्याकाळची भांडी एक दिवस घरात आपण घासू. त्यांना आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, शाळेचा दाखला असल्यास तो आणि दोन फोटो घेऊन पाठवा. मंडळाचे जुने कार्ड घरात कुठे असेल तर तेही शोधून आणायला सांगा, कारण त्यावरचा नोंदणी क्रमांक उपयोगी पडतो. ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांच्याबरोबर शक्य असेल तर आपणच या. सहीसाठी वेगळी चक्कर पडणार नाही.

शिबिराला येणे जमत नसेल तर प्रमाणपत्राचे कोरे नमुने वाचनालयाच्या टेबलावर आणि प्रत्येक सोसायटीच्या कार्यालयात ठेवले आहेत. भरून, सही करून आपल्या ताईंच्या हातीच द्यावेत.

आपली,
नागरिक समिती