उंदीर कुठला, पोरगं कुणाचं

संपादक महोदय,

स.न.वि.वि. कालच्या रविवार पुरवणीतला अतिचंचल मुलं आणि उंदरांच्या मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाचा लेख वाचला. वाचून रद्दीत टाकला असता, पण आज सकाळी साडेसातच्या आत त्याचा फोटो आमच्या चौथीच्या पालक ग्रुपवर आला, खाली मला टॅग करून (माझा मुलगा अतिचंचल, गोळ्या चालू आहेत) एका ताईंचा मेसेज, "तुमच्या उपयोगाचं आहे हं", आणि हात जोडलेली इमोजी. लगेच दुसऱ्या म्हणाल्या की डोपामाइन जास्त असतं म्हणजे मोबाईल काढून घ्या की, गोळ्या कशाला देताय. त्यावर सहा अंगठे. माझा डबा भरायचा राहिला होता, म्हणून तेव्हा गप्प बसले.

आता तुम्हालाच विचारते. लेखात ज्या उंदरांचं कौतुक आहे, ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात 1996 साली तयार केलेले. डोपामाइन सुटलं की ते परत पेशीत ओढून घेणारं एक प्रोटीन असतं, त्याचा जीनच काढून टाकला, त्यामुळे डोपामाइन बाहेरच रेंगाळतं आणि उंदीर धावत सुटतो, विशेषतः नव्या जागेत. इथवर ठीक. पण 1976 सालचा प्रयोग कुठे गेला? त्यात उंदराच्या 5 दिवसांच्या पिल्लांचे डोपामाइनवाले न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या पेशी, औषध टोचून मारले होते, म्हणजे डोपामाइन जवळपास संपवलंच होतं, तरी ती पिल्लंही काही दिवस नुसती पळत होती! मग जास्त झालं म्हणून पळतात की कमी झालं म्हणून? आणि अतिचंचल मुलांना देतात ते मिथाइलफेनिडेट नावाचं औषध तेच प्रोटीन अडवतं, म्हणजे डोपामाइन वाढवतं, कमी नाही करत. गंमत म्हणजे ज्या उंदरांत ते प्रोटीनच नाही तेही त्या औषधाने शांत झाले, 1999 साली त्याच प्रयोगशाळेने त्याचं कारण सेरोटोनिनकडे, मेंदूतल्याच दुसऱ्या रसायनाकडे, दाखवलं. याच्यावर एक ओळ नाही, आणि बॉक्समध्ये मात्र मोठ्या अक्षरात 'डोपामाइन वाढले की मूल बिघडते'. बिघडते? मिक्सर आहे का ते?

मी एम.फार्म. केलंय, फार्माकॉलॉजीत, म्हणून जरा जास्त झोंबलं. आमच्याकडे ॲक्टोफोटोमीटर होता, पेटीत प्रकाशाचे किरण, उंदीर आडवा गेला की आकडा एकाने वाढतो. एकदा माझ्या एका उंदराचा आकडा इतका आला की मी आनंदाने सरांना बोलवायला धावले. सर आले, झाकण उचललं, तर पठ्ठ्या एका कोपऱ्यात बसून मिशा साफ करतोय आणि दर वेळी त्याचं डोकं त्या किरणात येतंय. सर एवढंच म्हणाले, "याला म्हणायचं का तुझा हायपर?" सगळी बॅच पुन्हा घ्यावी लागली, दिवाळीला घरी दोन दिवस उशिरा गेले.

माझ्या मुलाच्या शाळेत कुणी झाकण उचलून बघत नाही हो. ओपन हाऊसला बाईंनी वही काढून दाखवली, कितीदा जागेवरून उठला त्याच्या उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी. शेजारचा पेन्सिल मागतो म्हणून उठला की खिडकीतून जेसीबी बघायला उठला, ते नाही लिहिलेलं. तीन वाक्यांत दोनदा "डोपामाइनचा प्रॉब्लेम" म्हणाल्या. कुठून शिकल्या ते काल कळलं, तुमच्या पुरवणीची आधीची कात्रणंही त्यांच्या बोर्डावर असतात.

प्रयोग वाईट असं मी म्हणत नाही, माझा मुलगा त्याच संशोधनाच्या जिवावर आज दहा मिनिटं एका जागी बसून गणितं करतो. पण उंदीर विसराळू नसतो, डबा शाळेत विसरत नाही, तो फक्त पळतो आणि आपण मोजतो. लेखकांनी आदरणीय डॉक्टरांचा सल्ला वगैरे शेवटी जोडला आहे, तो वरती घातला असता तर माझी सकाळ वाचली असती. पुढच्या रविवारी निदान त्या बॉक्सची दुरुस्ती छापा, आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात, आतल्या पानावर तळाशी नको. ग्रुपवर मला तेच टाकायचंय.

आणि हो, लेखाबरोबरच्या फोटोतला प्राणी उंदीर नाही, गिनीपिग आहे. शेपूट शोधा, सापडणार नाही. गेल्या रविवारच्या सुडोकूचं उत्तरही अजून आलेलं नाही.

कळावे,
चौथीतल्या एका मुलाची आई, पुणे