बॅगेच्या यादीत कुकर आहे, बूट नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते, मूळची सांगलीची. इथं येऊन एकवीस वर्षं झाली तरी सकाळी चहाबरोबर तुमचा ई-पेपर उघडल्याशिवाय चैन पडत नाही. परवा पहिल्या पानावर वेण्णा लेकचा फोटो होता, गाडीच्या टपावर गोठलेले दवबिंदू आणि खाली 'महाबळेश्वर गारठले'. हा फोटो दरवर्षी येतो आणि दरवर्षी मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या भाच्याचा फोन आला. ऑगस्टमध्ये एमएसला इथं आलाय, आमच्यापासून दोन-अडीच तासांवर असतो. म्हणाला मावशी, गाडीच्या काचेवर बर्फ जमला होता म्हणून किटलीभर उकळतं पाणी ओतलं तर काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. गाडी त्याची पण नाही, रूममेटची!

मी म्हटलं अरे येताना कुणी काही सांगितलं नाही का तुला, तर म्हणे आईनं पेपरमधली यादी बघूनच बॅग भरली. म्हणजे तुमचीच यादी, जुलैमध्ये पुरवणीत आली होती ती, ताईनं कापून कपाटाला चिकटवली होती. मी व्हॉट्सॅपवर फोटो मागवला. कुकर, कुकरची जास्तीची रिंग, मसाल्याचा डबा, अडॅप्टर, चष्मा दोन नग, कागदपत्रांच्या झेरॉक्स, सगळं अगदी व्यवस्थित आहे, आणि थंडीसाठी काय, तर 'एक चांगले जर्किन'. बास. म्हणून हे पत्र.

मला वाटतं घोळ आपल्या भाषेपासूनच सुरू होतो. आपल्याकडे आभाळातून भुरभुर पडतो तोही बर्फ आणि फ्रीजमधल्या ट्रेमधला तोही बर्फ. इथं स्नो वेगळा आणि आइस वेगळा, आणि जीवाला घोर लावतो तो दुसरा. स्नो मऊ असतो, त्यात पडलात तर कपडे ओले होतात एवढंच. पण दुपारी थोडा वितळला आणि रात्री परत गोठला की रस्त्यावर काचेसारखा पातळ थर होतो, खालचा डांबराचा काळा रंग आरपार दिसतो म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात, म्हणजे दिसतच नाही. पहिल्या वर्षी माझा नवरा दोन्ही हातांत ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन त्यावरून घसरला, मनगट मोडलं, आणि दुधाचा कॅन मात्र शाबूत. तेव्हा शेजारच्या आजींनी मला पेंग्विनसारखं चालायला शिकवलं, पाय थोडे फाकवायचे, पावलं छोटी टाकायची, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवायचा आणि हात खिशात घालायचे नाहीत. दिसायला फार विनोदी दिसतं. पण पार्किंगमध्ये अख्खं गाव तसंच चालत असतं, कुणी हसत नाही.

आता थंडी म्हणजे किती ते सांगते, कारण 'उणे' हा शब्द नुसता वाचून काही कळत नाही. 30 जानेवारी 2019 ला शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे 23 फॅरनहाइट होता, म्हणजे आपल्या हिशोबानं उणे 30 सेल्सिअस, आणि वारा धरला तर अंगाला लागत होतं ते उणे 45 च्या आसपास. त्या दिवशी आमच्याकडे टपालसुद्धा आलं नाही, पोस्टानं इथल्या बऱ्याच राज्यांत वाटपच बंद ठेवलं होतं. लोकल गाड्यांच्या रुळांचे सांधे गोठू नयेत म्हणून बाजूला गॅसच्या ज्वाळा पेटवतात, लांबून बघितलं तर रूळच पेटल्यासारखे दिसतात. रात्री जमिनीतून धाड धाड असे आवाज येत होते, मला वाटलं छपरावर झाड पडलं, नंतर कळलं की मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि जमीन तडकते त्याचा तो आवाज. आणि अशा हवेत उघडं बोट किंवा कान दहा मिनिटंसुद्धा तग धरत नाही. आधी झोंबतं, मग बधिर होतं, आणि बधिर झालं की माणसाला वाटतं चला सवय झाली, खरा धोका तिथंच. फ्रॉस्टबाइट, म्हणजे थंडीनं कातडी गोठलेली जागा चोळायची नसते, शेकोटीसमोर धरायची नसते, कोमट पाण्यात ठेवायची असते आणि डॉक्टर गाठायचा असतो. आपल्याकडे गार पडलेले हात खसाखसा चोळायची सवय, ती इथं अंगाशी येते.

कपड्यांचं तर विचारूच नका. भाचा आला तो दोन जाड सुती बनियन आणि वर ते यादीतलं जर्किन घालून. सुती कापड घाम पितं आणि ओलंच राहतं, मग तेच ओलं कापड अंगाची ऊब खेचून घेतं, म्हणून इथले ट्रेकिंगवाले थंडीत सुतीचं नावसुद्धा काढू देत नाहीत. आत घाम बाहेर टाकणारं थर्मल, त्यावर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा अडवणारा कोट. तीन थर, आणि ते थोडे सैल हवेत कारण ऊब धरते ती मधली हवा. बोटं वेगवेगळी असणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन्स जास्त गरम. आणि हो, आजीनं विणलेली कानटोपी, जिला तो एअरपोर्टवर 'हे काय गावठी' म्हणून बॅगेच्या तळाशी कोंबत होता, तीच आता रोज डोक्यावर असते.

बूट हा सगळ्यात मोठा विषय. स्पोर्ट शूज घालून स्नोमध्ये दहा मिनिटं चाललात की मोजे भिजतात आणि मग दिवसभर लेक्चरमध्ये पाय बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखे. आमच्या इथं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला या, सगळ्या बायका पैठणी नेसलेल्या आणि खाली गुडघ्यापर्यंत स्नो बूट, कोल्हापुरी चपला पिशवीत. हॉलच्या दारात बूट काढायचे, चपला घालायच्या, मग तिळगुळ. निघताना पन्नास काळ्या बुटांच्या ढिगातून स्वतःचा जोड शोधणं हा वेगळाच कार्यक्रम असतो.

गाडीबद्दल दोन गोष्टी लिहिते कारण त्यात जीव जातो. फेब्रुवारी 2011 मध्ये शिकागोत 21 इंच बर्फ पडला तेव्हा तलावाकाठच्या लेक शोअर ड्राइव्हवर शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या, भर शहरात हं, आडरानात नाही. तेव्हापासून आमच्या डिकीत नोव्हेंबर ते मार्च ब्लँकेट, छोटं फावडं, काच खरवडायचा स्क्रेपर, चार्जर आणि चिक्की असते, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाडी बर्फात रुतली आणि इंजिन चालू ठेवून हीटर लावून बसलात तर मागचा सायलेन्सरचा पाइप बर्फानं बुजतो, धूर बाहेर जायला जागा राहत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही, नुसती झोप येते. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेले वीसहून जास्त लोक अडकलेल्या गाड्यांमध्ये गेले, त्यात लहान मुलं होती, आणि कारण नुसती थंडी नव्हती, हा वायूपण होता असंच तेव्हा सांगितलं गेलं. आता आपली किती माणसं डिसेंबरच्या सुट्टीत मनाली आणि गुलमर्गला टॅक्सीनं जातात ते तुम्हीच मोजा. अडकलात तर आधी खाली उतरून पाइपभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करा, खिडकीची फट ठेवा, एवढं चार ओळींत सांगता येतं. पर्यटन पुरवणीत हॉटेलं आणि सफरचंदाच्या बागा येतात, या चार ओळी मी अजून वाचलेल्या नाहीत.

आणि हा वायू काही परक्या देशातला नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरनं माणूस गेल्याच्या बातम्या तुमच्याच आतल्या पानावर असतात, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या पण असतात. तोच तो. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये ऐन कडाक्याच्या थंडीत वीज गेली तर लोकांनी घरात कोळसा पेटवला, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून बसले. तिथल्या सरकारच्याच आकड्यानं त्या वादळात 246 माणसं गेली, बरीचशी गारठून आणि काही या विषारी वायूनं. टेक्सास म्हणजे आपल्यासारखा गरम मुलूख, घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाण्याचे पाइप थंडीत फुटले आणि छतातून पाणी गळायला लागलं. आम्ही इथं रात्री नळ बारीक धारेनं चालू ठेवतो आणि सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकतो म्हणजे घरातली ऊब पाइपपर्यंत पोचते. सांगलीत वाढलेल्या माझ्या हाताला सुरुवातीला नळ तसा वाहता सोडवतच नव्हता.

अजून एक, ज्यांचे आईवडील नातवंडाच्या जन्माला हिवाळ्यात येतात त्यांच्यासाठी. माझे सासरे असेच आले होते, वय अडुसष्ट, रोज पहाटे फिरायची सवय, तब्येत ठणठणीत. सकाळी बघते तर कानटोपी, मफलर आणि नवऱ्याचा कोट घालून अण्णा ड्राइव्हवेवर फावड्यानं बर्फ उपसतायत, म्हणे फुकट बसून काय करू. ओला बर्फ किती जड असतो ते उचलल्याशिवाय कळत नाही, थंडीनं रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात हे अचानक कष्ट, दर हिवाळ्यात इथं बर्फ उपसताना हार्ट अटॅक येऊन माणसं जातात. मी बाळाला कडेवर घेऊन दारातूनच ओरडले. रागावले, दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, चालायचंच.

जाता जाता शिकागोची एक गंमत सांगते, विषय थोडा सोडून. शहरात रस्त्यावर गाडी लावायची जागा दोन तास खपून बर्फातून मोकळी केली की लोक तिथं मोडकी खुर्ची ठेवून कामावर जातात. त्याला डिब्ज म्हणतात, म्हणजे आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तेच. कायद्यात बसत नाही पण खुर्ची हलवायची कुणाची हिंमत नाही. आणि 1979 मध्ये इथल्या महापौरांना, मायकल बिलँडिक त्यांचं नाव, जानेवारीतल्या वादळाचा बर्फ वेळेत उपसता आला नाही म्हणून लोकांनी फेब्रुवारीच्या पक्षांतर्गत निवडणुकीत घरी पाठवलं आणि जेन बर्न निवडून आल्या. तेव्हापासून शिकागोचा कुठलाही महापौर पहिला स्नो पडायच्या आत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या तयार ठेवतो. आपल्याकडे खड्ड्यांवरून कुणी पडलं असं काही मी ऐकलं नाही, म्हणजे गाडीवरून पडतात, खुर्चीवरून नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की थंडी तुमच्या पेपरात येते ती एकतर 'गुलाबी' असते नाहीतर 'हुडहुडी' असते. निफाडला पारा पाचाखाली गेला की द्राक्षबागेत रात्री ठिबक चालू ठेवा, शेकोट्या करून धूर करा असं तुमचं शेतीचं पान शेतकऱ्याला अगदी नीट सांगतं, मी वाचलंय. मग मुलांना का नाही? दर ऑगस्टला पुण्या-मुंबईतनं, कोल्हापूर-नाशकातनं इतकी पोरं बोस्टन, टोरांटो, मिनियापोलिसला जातात, त्यातल्या बऱ्याच जणांनी आयुष्यात शून्याच्या खाली पारा बघितलेला नसतो, आणि डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो तेव्हा घरची आठवण येऊन खोलीत एकटी रडतात ते आईला फोनवर सांगतही नाहीत. (भाच्यानं पण नाही सांगितलं, मला त्याच्या रूममेटकडून कळलं. आता दर शनिवारी त्याला घरी बोलावते.)

पुढच्या जुलैत यादी छापाल तेव्हा ते 'एक चांगले जर्किन' काढून टाका. जाड कोट आणि बूट भारतातून घेऊ नका, तिथं जाऊन ऑक्टोबरमध्येच घ्या, त्यासाठी पैसे वेगळे काढून ठेवा असं लिहा. बूट एक नंबर मोठे, आत जाड लोकरीचे मोजे मावले पाहिजेत. आणि काचेवर गरम पाणी ओतू नका हे ठळक टाइपात.

आपली नियमित वाचक,
नेपरव्हिल, इलिनॉय

ता.क. थंडीत दही लागत नाही अशी तक्रार करणाऱ्या पोरांसाठी: ओव्हन चालू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावून भांडं रात्रभर आत ठेवायचं. इडलीचं पीठपण असंच फुगतं.