पाठ केलेल्या निबंधावर बँड मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आपल्या मराठवाड्यात 'पंधरा दिवसांत 7 बँड' अशा पाट्या आणि मोबाइलवरच्या जाहिराती दिसू लागतात. परदेशी शिकायला जाणाऱ्या, तिकडे नर्सिंगची नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना आयईएलटीएस, म्हणजे सगळे 'आयल्ट्स' म्हणतात ती इंग्रजीची परीक्षा, द्यावी लागते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण असे तिचे चार भाग असतात आणि गुण 0 ते 9 अशा 'बँड'मध्ये मिळतात. फी पंधरा हजारांच्या वर आणि निकाल दोनच वर्षे चालतो. सोयाबीनच्या पट्टीतून एवढे पैसे काढणाऱ्या घराला पंधरा दिवसांचे आमिष दाखवणे आम्हाला गैर वाटते, म्हणून हे पत्र.

लातूर पॅटर्नने आपल्याला सराव शिकवला. प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका सोडवायच्या आणि चुकलेला प्रश्न पुन्हा हाती घ्यायचा, ही त्यातली सवय इथेही उपयोगी पडते. पाठांतर मात्र उपयोगी पडत नाही. लेखनाच्या परीक्षकाकडे चार निकष असतात: विचारले त्याचे उत्तर दिले का, मुद्द्यांची जुळणी, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. चारही निकषांचे वजन सारखे. पाठ केलेली सुरुवात आणि शेवट कोणत्याही विषयाला चिकटवला, तर पहिल्याच निकषावर गुण जातात. शिवाय पाठ केलेली वाक्ये निर्दोष आणि मधली स्वतःची वाक्ये अडखळती, हा फरक कोणाच्याही नजरेत भरतो.

फॉर्म भरण्याआधी आयल्ट्सच्या दोन प्रकारांपैकी कोणती परीक्षा हवी ते पाहा. विद्यापीठासाठी अ‍ॅकॅडेमिक, कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी जनरल ट्रेनिंग. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी अ‍ॅकॅडेमिकच लागते: श्रवण, वाचन, संभाषणात 7 आणि लेखनात 6.5. नर्सना ओईटी ही आरोग्यसेवेतल्यांसाठीची वेगळी इंग्रजी परीक्षा हा दुसरा पर्यायही आहे आणि त्यातली उदाहरणे दवाखान्यातली असल्याने अनेकींना तो जवळचा वाटतो. ओळखपत्र म्हणून पासपोर्टच चालतो, तेव्हा क्लास शोधण्याआधी पासपोर्टचा अर्ज करा. नाव त्यावर जसे आहे तसेच फॉर्मवर लिहा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, तिथे गोंधळ होतो.

एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी. श्रवण 6.5, वाचन 6.5, लेखन 5, संभाषण 7 मिळाले तर सरासरी 6.25 येते आणि ती 6.5 धरली जाते. घरात पेढे वाटले जातात. पण विद्यापीठाची अट 'एकूण 6.5, कोणताही भाग 6 पेक्षा कमी नको' अशी असेल, तर लेखनातल्या 5 ने अर्ज तिथेच अडतो. बहुतेकांचा घात लेखनात होतो आणि क्लासमध्ये सर्वांत कमी तपासले जाते तेही लेखनच, कारण वह्या तपासायला वेळ जातो.

श्रवणात 40 प्रश्न असतात आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. साधारण 23 बरोबर आले तर 6, 30 आले तर 7, 35 आले तर 8. मराठी माध्यमाच्या मुलांचे गुण इथे अवघड शब्दांपेक्षा आकड्यांत जास्त जातात. 'फॉर्टी-एट' कानावर पडते, डोक्यात 'अठ्ठेचाळीस' उमटते, मराठीत आठ आधी येतो आणि हात 84 लिहून मोकळा होतो. उपाय सोपा आहे. घरातल्या कुणाला तरी रोज वीस फोन नंबर आणि किमती इंग्रजीत वाचायला सांगा आणि मनात मराठी न करता ऐकता ऐकता उतरवा. 'डबल थ्री' आणि शून्यासाठी 'ओ' हेही त्यात येऊ द्या. 'थर्टीन'मध्ये जोर शेवटी असतो, 'थर्टी'मध्ये सुरुवातीला. फरक तिथून ओळखायचा. स्पेलिंग सांगताना ए, ई, आय आणि जी, जे यांची अदलाबदल होते, त्याचाही असाच सराव करा. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर अर्थ बरोबर असूनही उत्तर चूक. 'अकोमोडेशन'मध्ये दोन सी, दोन एम. एक गाळला की तो गुण गेला. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा रिकामी सोडू नये.

वाचनाला साठ मिनिटे, तीन उतारे, 40 प्रश्न. तिसरा उतारा सहसा सर्वांत कठीण असतो. सगळ्यांना वीस-वीस मिनिटे देण्यापेक्षा पहिला 17 मिनिटांत उरकावा आणि वाचलेली मिनिटे तिसऱ्याला द्यावीत. खरी अडचण 'ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन' या प्रश्नांत येते. समजा उताऱ्यात एवढेच आहे: 'पैठणजवळचे जायकवाडी धरण गोदावरीवर असून त्याचे उद्घाटन 1976 मध्ये झाले.' विधान आले, 'हे धरण 1980 नंतर सुरू झाले.' उतारा याच्या उलट सांगतो, म्हणून फॉल्स. दुसरे विधान, 'या धरणाचे पाणी छत्रपती संभाजीनगरला पिण्यासाठी जाते.' आपल्याकडे शाळकरी पोरालाही हे ठाऊक आहे, त्यामुळे हात ट्रूकडे जातो. पण उताऱ्यात ते कुठेच नाही, उत्तर नॉट गिव्हन. स्वतःची माहिती दाराबाहेर ठेवूनच आत जायचे. प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातली ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल तर तो अंदाज आहे.

अ‍ॅकॅडेमिक लेखनाच्या साठ मिनिटांत दोन कामे असतात. पहिल्यात आलेख किंवा तक्त्याचे किमान 150 शब्दांत वर्णन, दुसऱ्यात किमान 250 शब्दांचा निबंध. निबंधाचे वजन दुप्पट, म्हणून त्याला 40 मिनिटे राखून ठेवा. आलेखात लातूरचा पाऊस दिला तर 2016 ची पाण्याची रेल्वे आठवणारच, पण ती लिहायची नाही. कारणे आणि मते या भागात मागितलेली नसतात. कोणता आकडा सर्वांत मोठा, कुठे वाढ, कुठे घट, हा ढोबळ कल दोन वाक्यांत आधी सांगावा आणि मग निवडक आकडे द्यावेत. सगळेच आकडे ओळीने उतरवले की ते वर्णन राहत नाही, तलाठ्याचा उतारा होतो.

निबंधात बँड खाली ओढतात त्या चुका बारीक असतात आणि त्यांचे मूळ मराठीत सापडते. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतोय' हे आपले सरळ वाक्य इंग्रजीत 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' होऊन उतरते. तिथे 'हॅव बीन लिव्हिंग' आणि 'फॉर टू इयर्स' हवे. 'च्याबद्दल चर्चा' या सवयीतून 'डिस्कस अबाऊट' येते; 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' लागत नाही. 'अ', 'अ‍ॅन', 'द' हे तर मराठीत नाहीतच, म्हणून ते गळतात किंवा नको तिथे चिकटतात. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातला दहा ओळींचा परिच्छेद घ्या, त्यातले हे तीन शब्द गाळून वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी मूळ न पाहता ते भरा आणि ताडून पाहा. तीन आठवड्यांत हात बसू लागतो. आमच्या मते मोठमोठे शब्द पाठ करण्यापेक्षा हा अर्धा तास कितीतरी मोलाचा आहे.

परीक्षा संगणकावर असेल तर टायपिंगकडे दुर्लक्ष नको. दोन्ही मिळून किमान 400 शब्द होतात. मिनिटाला दहा शब्दांचा वेग असेल तर चाळीस मिनिटे नुसत्या बडवण्यात जातात, विचार करायचा कधी? आपल्या तालुक्यांतून सरकारी टायपिंगची तीसची परीक्षा देतात, तेवढा वेग असला की हेच काम चौदा मिनिटांत होते. पडद्यावर शब्दसंख्या दिसते, पण स्पेलिंग कोणी दुरुस्त करून देत नाही. मोबाइलच्या आपोआप दुरुस्तीवर वाढलेल्या हातांनी सरावाच्या वेळीच ती सोय बंद करावी.

संभाषण 11 ते 14 मिनिटांचे. मधल्या भागात विषयाचे कार्ड मिळते, एक मिनिट तयारीला आणि बोलायला दोन मिनिटांपर्यंत. आपली मुले चाळीस सेकंदांत थांबतात, कारण न पाहिलेल्या आयफेल टॉवरची पाठ केलेली सहल तेवढ्यातच संपते. 'एखाद्या हंगामात खाल्ला जाणारा पदार्थ' आला तर हुरडा घ्या. तयारीच्या मिनिटात कागदावर पाच शब्द लिहा: डिसेंबर, शेत, आगटी, चटणी, आत्या. मग ज्वारीची कोवळी कणसे शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात कशी भाजतात, हातावर चोळून दाणे कसे काढतात, शेंगदाण्याची चटणी कोण करते, गावाहून कोण येते, हे सांगता सांगता दोन मिनिटे कमी पडतात. 'आगटी'ला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, 'अ स्मॉल फायर पिट इन द ग्राउंड' म्हणा. नेमका शब्द नसताना अर्थ समजावून देणे यालाही परीक्षक महत्त्व देतात.

उच्चारात अमेरिकन ढब आणायची गरज नाही, मराठी वळणाला गुण कापत नाहीत. ऐकणाऱ्याला समजले पाहिजे. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, 'वेस्ट' म्हणताना ओठांचा चंबू. आरशासमोर पाच मिनिटे पुरतात. शब्दाच्या शेवटचा 'स' आणि भूतकाळाचा 'ड' गिळू नका, कारण त्यांच्याबरोबर व्याकरणही गिळले जाते.

आज 5 बँडवर असलेल्याला 6.5 गाठायला रोजचे दीड-दोन तास धरून काही महिने लागतात. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून एक पूर्ण सरावपरीक्षा द्या. या परीक्षेशी संबंधित ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी या संस्थांच्या संकेतस्थळांवर नमुने मोफत आहेत, केंब्रिजच्या सरावपुस्तकांत प्रत्येकी चार पूर्ण परीक्षा असतात. झेरॉक्सच्या गाइडमधले प्रश्न अनेकदा परीक्षेच्या साच्याचेच नसतात. चुकांसाठी वेगळी वही करा. काय लिहिले, काय हवे होते आणि का चुकले, अशा तीन रकान्यांतला शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नका.

महाविद्यालयांना आमची विनंती आहे. संगणक कक्ष दुपारी चारनंतर बहुधा कुलूपबंद असतो. तो आठवड्यातून तीन दिवस दोन तास उघडा ठेवावा, दहा हेडफोन आणि सरावपुस्तकांचा एक संच घ्यावा आणि इंग्रजी विभागाने दर आठवड्याला विद्यार्थ्याचा एक निबंध लाल पेनने तपासून द्यावा. तीस विद्यार्थी असतील तर तीस निबंध, दोन प्राध्यापकांचे एका दुपारचे काम आहे.

पालकांना एवढेच सांगतो: तारखेची घाई करू नका. लागोपाठ तीन सरावपरीक्षांत प्रत्येक भागात हवा तो बँड आला की मगच फी भरा आणि प्रवेशअर्जाच्या शेवटच्या तारखेआधी किमान दोन महिने हाताशी राहतील अशी तारीख घ्या, म्हणजे एखादा भाग पुन्हा द्यावा लागला तरी वर्ष वाया जाणार नाही.

आपले,
इंग्रजी विषयाचे काही शिक्षक, परभणी