घोडा अर्ध्यावर आणताना

चि. अभिजीत यास अनेक आशीर्वाद.

काल फोन मीच मध्ये बंद केला. राग नव्हता. तू कॅमेऱ्यासमोर रायफल धरायला आणि तुझी आई चहा घेऊन आत यायला एकच गाठ पडली. तिला मी एवढंच सांगितलंय, की अभि नोव्हेंबरात चार दिवस डोंगरात तंबू टाकून राहणार आहे. गळ्यात माळ घातलेल्या बाईला, तुझा लेक सांबराच्या थोरल्या भावाला, अमेरिकेतल्या एल्कला, मारायला निघालाय, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

फोटो मात्र मोठे करकरून बघितले. मार्लिन 1895, .45-70. घोड्याच्या, म्हणजे मागच्या हातोडीच्या, पुढे ते आडवं सेफ्टीचं बटण दिसत नाही, म्हणजे तुझी जुनी आहे. ते बटण 80 च्या दशकात आलं. कंपनीने हे मॉडेल या काडतुसात 1972 साली पुन्हा काढलं. त्याच साली इकडे वन्यजीव कायदा आला आणि तात्यांची ठासणीची बंदूक खुंटीला लागली ती लागलीच. पुढे ती फक्त निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायला बाहेर निघायची.

काडतूस तर तात्यांच्या वडिलांहूनही जुनं, 1873 चं. 70 ग्रेन काळी दारू आणि पुढे 405 ग्रेनची गोळी. मी हिशेब केला, सव्वादोन तोळे शिसं! आमच्या पलटणीतल्या एसएलआर रायफलीच्या गोळीच्या पावणेतीनपट वजन, पण वेग निम्म्याहून कमी. म्हणजे शंभर यार्डावर नेम बसवलास, तर त्या जुन्या भाराची गोळी दोनशेवर दोन फूट खाली जाणार. मोकळ्या रानात हिचा उपयोग नाही. पण तू म्हणतोस तसं, कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरावर दहा हजार फुटांवर स्प्रूसच्या दाट झाडीतच दिवसा एल्क बसत असतील, तर पन्नास-साठ यार्डांत हीच बरी. निवड पटली. लिव्हरवाल्या रायफलीत नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या टोपीला टेकतं, म्हणून चपट्या नाकाची गोळी घ्यायची, हे तू मला समजावलंस. मला! एकवीस वर्षं पलटणीत हत्यारं उघडण्या-जोडण्यात गेली माझी. हसू आलं, पण बरं वाटलं रे.

आता एकच सांगतो, मग गप्प बसतो. लिव्हर मारलीस की घोडा पूर्ण चढतो. समोरचं जनावर निघून गेलं, तर तो उतरवणार कसा? चाप दाबून, अंगठ्याने धरून, हळूहळू अर्ध्यावर, मधल्या खाचेत. अंगठा निसटला तर बार उडालाच. आणि ते करायचं कुठल्या अंगठ्याने, तर कडबाकुट्टीत सापडलेल्या. पौषात पहाटे तुला वरच्या माळावर दारं धरायला न्यायचो, तेव्हा त्या अंगठ्याने तुला बॅटरीचं बटण दाबता येत नव्हतं. पांढरा पडायचा. तिथे तर बर्फ असणार. कुट्टीचं चाक त्या दिवशी मी फिरवत होतो. असो.

पलटणीत कोतेत, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, एकाने "रिकामी आहे" म्हणत चाप ओढला आणि पत्र्याला भोक पडलं. पावसाळाभर त्याखाली बादली ठेवायचो आम्ही. माणूस कुणी गेलं नाही म्हणून हसत होतो.

नेमाचं तुला काय सांगायचं, पण सांगतो. मी अकरा वर्षांचा होतो, कायद्याच्या आधीची गोष्ट. तात्यांनी चांदण्यात सांबरावर बार टाकला, तो पोटात बसला. दोन दिवस माग काढला आम्ही. कारवीच्या पानावरचं वाळलेलं रक्त तात्या थुंकी लावून चोळायचे आणि बोट नाकाला लावायचे. मलाही हुंगायला दिलं. आंबूस, शेणासारखा वास. म्हणाले, पोटातलं आहे, लांब जाणार. ओढ्यात सापडलं तेव्हा कोळसुंद्यांनी, रानकुत्र्यांनी, निम्मं खाल्लं होतं. तात्या त्या रात्री ताटावरून उठले. तेव्हा खांद्याच्या मागे, फुप्फुसातच मार. तोंड तुझ्याकडे असेल तर सोडून दे. बार बसला तरी अर्धा तास जागचा हलू नकोस. मांस रानात टाकून यायला तिकडे कायद्यानेच बंदी आहे, हे ऐकून तात्या खूश झाले असते. पण तीनशे किलोचा नर पडला तर पाठीवरून चार-पाच खेपा होतील, तुझ्या त्या उंच मित्राला पळू देऊ नकोस. आणि कातडं लगेच काढ. थंडी असली तरी आत मांस तापतं.

बघ, पुन्हा शाळा घेतली. तू तिथला शिकारीचा कोर्स करून कार्ड मिळवलंस, शिकारीत अंगावर नारिंगी कपडा 500 चौरस इंच लागतो हे मला मोजून सांगितलंस. चुकलं माझं. गावात पारावर मात्र मी सांगून आलोय, की आमचा अभि उघड्या माशीवर शंभर यार्डांत बशी फोडतो. दुर्बिणीशिवाय. कुणाला एल्क म्हणजे काय ते कळलं नाही, बशी कळली.

तिकडे गाडीत नळीत काडतूस ठेवायचं नाही असा नियम आहे म्हणालास. तोच नियम पायी चालतानाही पाळ. नळकांड्यात चार असू देत, नळी रिकामी. जनावर दिसलं, शिंगं मोजली, मगच लिव्हर. आवाजाने गेलं तर जाऊ दे. आणि घोडा चढलाच, तर उतरवताना नळी जमिनीकडे आणि चापावरचं बोट घोडा सुटायला लागताच बाहेर. घरी रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा कर. बोटं बर्फाच्या पाण्यात बुडवून मग कर. पूजा हसेल, हसू दे.

पार्सलमध्ये मेतकूट आहे, छकुलीचे लाडू वेगळ्या डब्यात. आईने विणलेले हातमोजे आहेत. उजव्या मोज्याच्या अंगठ्याचं टोक मी तिला उघडं ठेवायला लावलं. "कशाला?" म्हणाली. मोबाईल चालवायला लागतो, म्हणून सांगितलंय. विचारलं तर तूही तेच सांग.

तुझा,
आबा