सूचना : ठेकेदार परवान्याचे नवे नियम – रविवारी बैठक

सर्व प्लंबिंग ठेकेदार सभासदांना नमस्कार.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने केंद्रीय कायदे रद्द झाले. आपला ठेकेदार परवाना ज्या 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याखाली निघायचा, तोही त्यातच गेला. यावर बोलण्यासाठी येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. मालकाने स्वतः यावे, मुकादमाला पाठवू नये.

येताना आणा :
• चालू परवान्याची झेरॉक्स (मुदतीची तारीख दिसेल अशी)
• गेल्या 12 महिन्यांचे हजेरीपुस्तक. नव्या संहितेत परवान्याची अट 50 किंवा अधिक कंत्राटी कामगारांना आहे. मोठ्या साइटवर महिनाभर जादा माणसे लावली असतील तर तीही धरा.

कायदा बदलला म्हणून परवाना फाडून टाकू नका, आणि "नवीन लायसन लगेच काढून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसेही देऊ नका.

आता कळकळीची विनंती. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक झाले आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि आपल्यातले काही जण त्यावर सही करायला टाळतात. वर्षभर भिंतीला झिऱ्या मारून पाइप बसवणाऱ्या पोराची नोंदणी त्या एका सहीवाचून अडते, मग मुलांची शिष्यवृत्तीही मिळत नाही. हे बरोबर नाही. कोरे दाखले बैठकीत मिळतील, तिथेच भरून सही करा.

– सचिव