‘७८ साठी योग्य’ म्हणून विकलेल्या स्टायलसबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीच्या माहितीवर विकलेला स्टायलस (रेकॉर्डवर टेकणारी सुई) परत घेण्याबाबत आणि विक्रीच्या पानावरचा मजकूर दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ: तिन्ही खरेद्यांची बिले आणि आपल्या प्रतिनिधींशी झालेला ईमेल पत्रव्यवहार (प्रती सोबत जोडल्या आहेत).

महोदय,

आपल्याकडून मी टर्नटेबल, मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुई जिला बसते आणि जी सुईच्या कंपनांचा विद्युत संकेत करते ती डबी) आणि नंतर आपल्याच सल्ल्यावरून एक इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाचा, स्टायलस घेतला. टर्नटेबलबद्दल माझं काही म्हणणं नाही, वेग नीट धरतं आणि मोटर शांत आहे. तक्रार स्टायलसबद्दल आहे, आणि त्याहून जास्त तो ज्या माहितीवर विकला गेला त्या माहितीबद्दल.

खरेदीआधी मी ईमेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की घरात सासऱ्यांनी जमवलेल्या लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी आहेत: अब्दुल करीम खाँ, हिराबाई, केसरबाई, बालगंधर्व. एल.पी. (३३ च्या वेगाच्या व्हायनिल रेकॉर्डी) मोजक्याच. आम्ही मिरजेचे. खाँसाहेबांच्या गावात त्यांचीच रेकॉर्ड खरखरत लावली तर शेजारीसुद्धा येऊन बोलून दाखवतात, हेही मी गमतीने लिहिलं होतं. त्यावर तुमच्या प्रतिनिधींनी मूव्हिंग कॉइलऐवजी मूव्हिंग मॅग्नेट घ्या, म्हणजे कार्ट्रिज तेच ठेवून सुई बदलता येते, असं सांगितलं. हा सल्ला उत्तम होता. पण पुढचं वाक्य होतं, ‘ही सुई ३३, ४५ आणि ७८ तिन्हींना चालते.’ विक्रीच्या पानावर आजही तेच लिहिलेलं आहे.

ते खरं नाही. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेऊ शकते हा टर्नटेबलचा गुण झाला. सुईचा संबंध रेकॉर्डवरच्या खाचेशी. एल.पी.ची खाच वरच्या बाजूला साधारण ५५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) रुंद असते, ७८ ची जवळजवळ १५० मायक्रॉन. म्हणून एल.पी.च्या गोल टोकाच्या सुईची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास ठेवतात आणि ७८ साठी ७० ते ७६, म्हणजे जिला तीन मिल म्हणतात ती (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तुम्ही दिलेल्या पहिल्या सुईचं टोक पत्रकानुसार ०.७ मिलचं आहे. रुंद नाल्यात गोटी टाकावी तसं ते खाचेच्या तळाशी जाऊन हलत राहतं. गाणं आहे भिंतींवर. तळाशी सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ आणि पोलादी सुयांनी घासून काढलेली पूड. त्या रेकॉर्डींच्या मिश्रणात दगडाची पूड असायची, पोलादी सुई लवकर घासून खाचेच्या मापाची व्हावी म्हणून, आणि दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती. आमच्या सासऱ्यांकडे सुयांच्या रिकाम्या डब्या अजून आहेत. तुमच्याकडून मात्र एक मोघम ‘चालते’ मिळालं.

आवाज पातळ येतो, खर्ज हरवतो आणि खरखर गाण्यावर चढते असं कळवल्यावर उत्तर आलं की इलिप्टिकल घ्या, त्यात बारकावे जास्त ऐकू येतात. घेतली. बारकावे ऐकू आले, पण धुळीचे! ०.३ × ०.७ मिलचं टोक एल.पी.वर खरंच चांगलं वाजतं, विशेषतः मधल्या लेबलजवळच्या भागात. ते मी नाकारत नाही. पण माझा प्रश्न एल.पी.चा नव्हताच. मग मोनोचं बटण (डावा-उजवा आवाज एकत्र करणारं) दाबून पाहा असं सांगण्यात आलं. ७८ ची खाच आडवी, म्हणजे सुई डावी-उजवीकडे हलेल अशी, कापलेली असल्यामुळे उभ्या हालचालीतून येणारी खरखर त्याने कमी झाली, आवाज होता तसाच पातळ राहिला.

शेवटी तुमचे एक प्रतिनिधी फोनवर म्हणाले, ‘वजन चार ग्रॅम करून बघा मॅडम.’ वजन म्हणजे सुई रेकॉर्डवर जेवढ्या भाराने टेकते तो; त्या स्टायलसच्या पत्रकावर १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलं आहे. दुप्पट वजनाने कॅन्टिलिव्हरचा (सुईचं टोक धरणाऱ्या बारीक दांडीचा) रबर बसला असता आणि त्याच सुईने एल.पी.ही खराब झाल्या असत्या. ७८ च्या सुईला चार-पाच ग्रॅम लागतात हे कुठेतरी ऐकून त्यांनी भलत्याच सुईला लावलं असावं. मी ते केलं नाही.

‘रेकॉर्ड जुन्या आहेत, खराब झाल्या असतील’ हे तुमचं अंतिम उत्तर. त्याच रेकॉर्डी आम्ही सांगलीतल्या एका ओळखीच्या संग्राहकाकडे तीन मिलच्या सुईवर वाजवल्या. हिराबाईंचा आवाज भरून आला, तानांमधला फाटकेपणा गेला. एका घासलेल्या रेकॉर्डसाठी त्यांनी २.५ मिलची सुई लावली, कारण ती भिंतीच्या न झिजलेल्या जागी टेकते. हे त्यांना ठाऊक आहे आणि कार्ट्रिज विकणाऱ्यांना नाही, याचं आश्चर्य वाटतं.

आता सर्वात गंभीर गोष्ट. टर्नटेबलसोबत ‘सर्व रेकॉर्डसाठी’ असं छापलेलं स्वच्छतेचं द्रावण दिलं आहे आणि मागच्या बारीक अक्षरात आयसोप्रोपिल अल्कोहोल लिहिलं आहे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. व्हायनिलवर ठीक, पण लाखेच्या रेकॉर्डवर हे लावलं तर खाचच जाते आणि ती पुन्हा कोणी आणून देणार नाही. कोणी लेबल न वाचता आजोबांच्या रेकॉर्डवर हे फिरवलं असेल, तर त्याला सुई बदलून काय उपयोग?

इलिप्टिकल स्टायलस परत घ्यायला तुम्ही ‘सील तोडलं’ म्हणून नकार दिला. सील न तोडता सुई कशी वाजवून पाहायची ते कृपया कळवावं. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि एका महिन्यात निवारण करणं हेही त्यात आहे.

माझी मागणी जास्त नाही. इलिप्टिकल स्टायलस परत घ्यावा आणि त्याऐवजी याच कार्ट्रिजला बसणारा तीन मिलचा ७८ चा स्टायलस द्यावा. किमतीत फरक असल्यास मी भरेन. तो तुमच्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. पानावरून ‘७८ ला चालते’ हे शब्द काढावेत, तिथे टोकाचं माप आणि वजनाची मर्यादा लिहावी आणि द्रावणाच्या लेबलवर ‘लाखेच्या रेकॉर्डवर वापरू नये’ असं ठळक छापावं. उत्तर लेखी हवं, फोन नको. फोनवरचा सल्ला मी एकदा ऐकला आहे.

महिन्याभरात निवारण न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपली,
एक ग्राहक
मिरज, जि. सांगली

सोबत: बिलांच्या आणि ईमेलच्या प्रती, दोन्ही स्टायलसची पत्रके, द्रावणाच्या लेबलचे छायाचित्र.